खचणारी इमारत आणि फ्रेसिने

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या पेपरात फ्रेसिनेचं नाव येतं आणि तिथेच राहतं. अँकरेजची आकृती काढायची, मार्क घ्यायचे, पुढे चालायचं. पण या माणसाची गोष्ट आकृतीपेक्षा कितीतरी भारी आहे!

युजीन फ्रेसिने १८७९ साली फ्रान्समधल्या ओब्जा गावी जन्मला. पॅरिसला शिकून सरकारी इंजिनीअर झाला आणि अलिए नदीवर पूल बांधू लागला. त्यातला वर्द्रचा पूल झाला आणि काही महिन्यांतच, १९११ मध्ये, त्याच्या कमानी मधोमध खाली बसायला लागल्या. तेव्हाच्या नियमांप्रमाणे काँक्रीटचा मॉड्युलस कायम, म्हणजे असं होणंच शक्य नव्हतं. फ्रेसिने वरिष्ठांची परवानगी मागत बसला नाही. रात्री मोजकी माणसं घेऊन गेला, कमानींच्या माथ्याशी जॅक लावून त्या उचलल्या आणि तिथले सांधे काँक्रीटने पक्के केले. आपण जर्नलमध्ये निवांत उतरवतो तो क्रीप त्याला असा भेटला.

साध्या सळईला दिलेला ताण क्रीप आणि श्रिंकेज मिळून खाऊन टाकतात, म्हणून फार जास्त ताण सोसणारी तारच हवी, हे त्याने ओळखलं. १९२८ मध्ये पेटंट घेतलं. मग चालती भागीदारी सोडून विजेचे खांब बनवायला लागला. स्वतःचे पैसे घातले, आणि ते बुडाले. वय पन्नाशीच्या पुढे!

अशात १९३४ साल उजाडलं. ल हाव्र बंदरातलं बोटींच्या प्रवाशांचं नवंकोरं टर्मिनल गाळात खचत होतं, आणि १९३५ मध्ये तिथून नॉर्मंडी हे प्रचंड जहाज पहिल्या सफरीला निघायचं होतं. फ्रेसिनेने जुन्या सुट्या फुटिंगांच्या मध्ये नवीन काँक्रीट भरलं, तारा ओढून सगळं एकत्र आवळलं, आणि इमारतीच्याच वजनावर जॅक टेकवून पाइल खाली दाबल्या. खचणं थांबलं. आज आपण जुन्या कॉलममध्ये भोक पाडून इपॉक्सीने सळई बसवतो, तेव्हाही प्रश्न हाच असतो की जुनं आणि नवं एकजीव होऊन लोड घेणार का. आपली मदार सळईच्या बाँडवर असते, त्याने दोन्ही भाग दाबूनच धरले.

मग काय, कामं आपोआप येऊ लागली. परीक्षेतलं ते शंकूचं अँकरेज १९३९ चं. फ्रेसिने १९६२ मध्ये वारला. वर्द्रचा पूल १९४४ मध्ये युद्धात गेला, पण त्याच नदीवरचा, त्याच पद्धतीचा बुतिराँचा पूल अजून उभा आहे.