डॉ. सुब्बाराव आणि एटीपीचे कूळ

एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, एवढे आपण सारेच शाळेत शिकलो. तो शोधणाऱ्यांत भीमावरमचा एक तेलुगू माणूस होता, हे मात्र हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ चा. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाच्या एलएमएसवर समाधान मानावे लागले. पुढे सासऱ्यांच्या मदतीने ते हार्वर्डला गेले. तिथे रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करून त्यांनी दिवस काढले.

सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजण्याची सोपी पद्धत बसवली. द्रावण जितके गडद निळे, तितके स्फुरद जास्त. हीच पद्धत स्नायूंच्या अर्काला लावल्यावर फॉस्फोक्रिएटिन हाती लागले आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते सापडले होते. त्यांचा निबंध थोडा आधी छापला गेला, म्हणून पुस्तकांत लोमान पुढे आणि आपले सुब्बाराव मागे!

आता या रेणूचे कूळ. ॲडेनिन हा नत्रयुक्त घटक, त्याला जोडलेली रायबोज साखर आणि साखरेला ओळीने तीन फॉस्फेट. म्हणजे तो न्यूक्लिओटाइड, आरएनए घडवणाऱ्या घटकांपैकीच एक. ऊर्जा देतो म्हणून आपली मुले परीक्षेत त्याला कर्बोदकांत घालतात, पण साखर हा त्याचा केवळ एक भाग. पाण्याशी क्रिया होऊन टोकाचा फॉस्फेट सुटला की पेशीला ऊर्जा मिळते.

हार्वर्डने कायमची जागा दिली नाही, आणि आमच्या मते हा अन्यायच. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. त्याला अडवणारे अमिनॉप्टेरिनही तिथलेच. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले आणि काहींचा आजार काही काळ हटला. विदर्भात, तेलंगणात आरोग्य कर्मचारी हत्तीरोगासाठी घरोघरी येऊन समोरच खायला लावतात ती डीईसीची गोळीसुद्धा याच चमूची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ५३ व्या वर्षी, सुब्बाराव अमेरिकेतच वारले. पत्नी शेषगिरी भारतातच होत्या. पंचवीस वर्षांत ते एकदाही परतले नव्हते.