कै. श्रीराम भिकाजी वेलणकर : पिन कोडचे जनक

काही पुरुष असे असतात की, त्यांचे कार्य घरोघरी पोचते, परंतु नाव पोचत नाही. कै. श्रीराम भिकाजी वेलणकर हे अशांपैकी एक होत. पत्त्याखाली आपण जे सहा अंक लिहितो, ती पिन कोडची योजना त्यांची.

वेलणकरांचा जन्म २२ जून १९१५ रोजी झाला. पुढे ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव व डाक-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य झाले.

त्या काळी पत्ता म्हणजे मु., पो., ता., जि. ही आद्याक्षरे व त्यांपुढील नावे. परंतु पिंपळगाव, वडगाव या नावांची गावे कितीतरी! आपले औरंगाबाद मराठवाड्यात, तसे दुसरे बिहारात. त्यात पत्ते नाना लिप्यांतले आणि अक्षर ज्याचे त्याचे. पत्र भलत्याच थैलीत पडे. आणि त्यात कोणाच्या नोकरीचे बोलावणे, कोणाच्या लग्नाची बोलणी, तर कोणाच्या मृत्यूची वार्ता असे.

अमेरिकेने १९६३ साली पत्त्यांस अंक दिले होते. आपल्या बहुभाषी देशास तर त्यांची गरज अधिकच होती. वेलणकरांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्यास पंचवीस वर्षे पूर्ण होत असता, अमलात आली. देशाचे आठ विभाग पाडले. नववा सैन्याच्या डाकेसाठी राखला. आपल्या शहरातील मुख्य डाकघराचा अंक ४३१००१ घ्या. पहिला चार पश्चिमेकडील विभाग दाखवितो, दुसरा अंक उपविभाग, तिसरा डाक-वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणारे डाकघर. पत्ता घरापासून जिल्ह्याकडे जातो. अंक देशापासून दाराकडे येतात.

गंमत अशी की, वेलणकर स्वतः संस्कृतचे कवी होते. त्यांच्या विलोमकाव्यातील श्लोक सुलट वाचता रामाची स्तुती होते, उलट वाचता कृष्णाची. संस्कृतात त्यांनी शंभरांहून अधिक ग्रंथ व नाटके रचली आणि मुंबईत ‘देववाणी मंदिरम्’ ही संस्था स्थापिली. १९७३ साली नवी दिल्लीत भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक तिकीट-प्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षाअखेर ते निवृत्त झाले. १९९६ साली संस्कृतसेवेबद्दल त्यांस राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. १९९९ साली ते निवर्तले.

पुढे आंतर्देशीय पत्रांवर सहा चौकोन छापून येऊ लागले आणि पाहता पाहता हे अंक बँकेच्या, शाळेच्या, नोकरीच्या प्रत्येक अर्जात शिरले. शाळेत पत्रलेखन शिकविताना, पिन कोड विसरणाऱ्या मुलाचा अर्धा गुण मी नियमाने कापीत असे. तो कोड देणाऱ्याचे नाव मात्र एकाही मुलास मी सांगितले नाही. कारण ते मजला स्वतःलाच निवृत्तीनंतर कळले. वेलणकर तेव्हा हयात नव्हते. कापलेल्या त्या अर्ध्या गुणांचा खरा धनी मीच, असे आता वाटते.

२०२३ साली आपल्या नगराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. ४३१००१ मात्र तसेच राहिले. जुन्या नावाने पाठविलेले पत्रही त्या अंकांच्या आधारे दारी येते. आपल्या ज्ञातीची कुटुंबे आज दूरदूर विखुरली आहेत. तेव्हा बंधुभगिनींनो, स्मरणिकेच्या कुटुंब-सूचीत पत्ता देताना सहा अंक विसरू नका, आणि घरातील मुलांस ते शिकविताना वेलणकरांचे नावही सांगा. आमच्या हातून राहिलेले काम तेवढे पुरे होईल.