बाईयाचा वस्ताद

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही मुलींनी दोरीच्या मल्लखांबाची प्रात्यक्षिके केली. टाळ्या भरपूर पडल्या. रात्री वसतिगृहावर परतल्यावर माझ्या खोलीतली मैत्रीण सहज बोलून गेली की, हे सारे दिसायला सुरेख आहे, पण याला युद्धकला म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. वाटेत एखादा गुंड आडवा आला तर त्या क्षणी दोरी कुठून आणणार? ही मैत्रीण कराटे शिकते आणि तपकिरी पट्ट्याचा तिला रास्त अभिमान आहे. मी चिडले. चिडण्याचे कारण एवढेच की मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी कुस्तीला पूरक म्हणून मल्लखांबाची विद्या वाढवली, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले गेले होते. लाकडी खांब हाच मल्ल मानून त्याच्याशी झोंबायचे, अशी त्यातली कल्पना. पण खांब कधी उलटून डाव टाकत नाही, आणि दोरी तर नाहीच नाही. तेव्हा मैत्रिणीचे म्हणणे अगदीच झटकून टाकता येईना. हा प्रश्न दुसऱ्या कोणाला कधी पडला होता का, याचा शोध घेता घेता मी फार लांब, थेट ब्राझील देशात जाऊन पोचले. तिथे एक माणूस असा सापडला की ज्याने सारा जन्म याच प्रश्नाचे उत्तर देण्यात घालवला. त्याचीच ही हकिगत.

कापोएरा हा ब्राझीलमधला प्रकार आता आपल्याकडेही अनेकांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसे गोल करून उभी असतात, मध्यभागी दोघे डुलत असतात, कोणी हातांवर चाकासारखा फिरतो, कोणाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावरून भिरभिरत जातो, आणि हे सारे गाण्याच्या तालावर. धनुष्याच्या दांड्याला तार ताणून खाली पोकळ भोपळा बांधलेले बेरिंबाऊ नावाचे वाद्य ही चाल ठरवते. प्रथमदर्शनी कोणीही म्हणेल की हा नाच आहे. ज्यांनी ही कला निर्माण केली ते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलेबाळे. मालकाला कळू नये म्हणून त्यांनी लढाई नाचात लपवली, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण इतिहासकार ती सहजासहजी मान्य करत नाहीत. खेळ, नाच आणि मारामारी ही तिन्ही सुरुवातीपासून एकत्रच नांदत होती, असे मानणे मला अधिक पटते.

आमचे चरित्रनायक मानोएल दोस रेइस माशादो. पण या नावाने त्यांना कोणी ओळखत नाही. जग त्यांना मेस्त्रे बिंबा म्हणते. मेस्त्रे म्हणजे आपल्या तालमीतला वस्ताद. बाईया प्रांतातल्या साल्व्हादोर शहरी २३ नोव्हेंबर रोजी त्यांचा जन्म झाला. साल १८९९ की १९००, यावर एकमत नाही. बिंबा हे नाव कसे पडले ती कथा मजेची आहे. मुलगी होणार असे आईचे म्हणणे, मुलगा होणार असे सुईणीचे, आणि दोघींनी पैज लावलेली. बाळ हाती येताच सुईणीने, तिकडच्या बोलीत मुलाच्या मुलगेपणाच्या खुणेला जो शब्द आहे, तोच मोठ्याने उच्चारून पैज जिंकली. तो शब्द पोराला जन्मभर चिकटला.

वडील बातूके नावाच्या खेळातले नामांकित खेळाडू होते. या खेळात एकाने पाय रोवून उभे राहायचे आणि दुसऱ्याने टांग मारून, पाय झाडून त्याला आडवे करायचे. आज हा खेळ जवळजवळ लोपला आहे. बापाकडून मुलाने ही टांग उचलली आणि बाराव्या वर्षी बेंतिन्यो नावाच्या एका आफ्रिकन वस्तादाकडे कापोएराचे धडे गिरवायला सुरुवात केली. पोटासाठी त्यांनी सुतारकाम केले, कोळसा विकला, घोडागाडी हाकली, आणि बराच काळ गोदीत हमाली केली. शाळा फारशी झालीच नाही.

या ठिकाणी कायद्याची एक गंमत सांगितलीच पाहिजे. ब्राझीलमधली गुलामगिरी १८८८ साली संपली आणि लगेच १८९० सालच्या दंडसंहितेने कापोएरा हा गुन्हा ठरवला. शिक्षा दोन ते सहा महिने तुरुंगवास. टोळीच्या म्होरक्यांना दुप्पट. पण या कलमात कापोएराचे वर्णन कसे केले आहे? रस्त्यांत आणि चौकांत अंगाची चपळाई आणि कौशल्य दाखवण्याचे व्यायाम, असे! म्हणजे सरकारने वर्णन केले कसरतीचे आणि शिक्षा ठेवली मारामारीची. माझ्या मैत्रिणीला जो प्रश्न २ मिनिटांत सुटला असे वाटले, तो एका देशाच्या कायदेपंडितांनाही धड सुटला नव्हता.

बिंबा तरुण झाले तेव्हा पोलिसांच्या धाकाने म्हणा, काळाच्या ओघाने म्हणा, साल्व्हादोरमधल्या कापोएराची धार बोथट झाली होती. मोजकेच डाव उरले होते आणि तेही बघ्यांना खूश करण्यापुरते. चौकात लोक जमत, नाणी फेकत, खेळणारे उड्या मारत. हे बिंबांना सहन होईना. १९२८ च्या सुमारास त्यांनी कापोएरात बापाच्या बातूकेमधले डाव मिसळले, नवे फटके घातले आणि या मिश्रणाला बाईयाची प्रादेशिक लढत असे साधे नाव दिले. कापोएरा हा शब्द नावात मुद्दामच नव्हता. तो शब्द म्हणजे गुन्हा! पुढे हीच शैली कापोएरा रेजियोनाल म्हणून प्रसिद्धीस आली. १९३२ साली त्यांनी चार भिंतींच्या आत शाळा काढली. रस्त्यावरची विद्या घरात आली, तिला वेळापत्रक आले.

१९३६ साली त्यांनी वर्तमानपत्रातून आव्हान दिले आणि साल्व्हादोरच्या ओदेऑन उद्यानातल्या मंचावर प्रतिस्पर्ध्यांशी चार लढती दिल्या. चारही जिंकल्या. तीन फटके असे त्यांचे टोपणनाव पडले होते, कारण समोरच्याला त्याहून अधिक सोसत नसत म्हणे. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, त्यांच्या शाळेला शिक्षणखात्याची नोंदणी मिळाली. दंडसंहितेतले कलम अजून जिवंत होते, ते नव्या संहितेबरोबर १९४० नंतर गेले; आणि त्याआधीच ती विद्या शारीरिक शिक्षण म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली. बिंबांचे शिष्य अशी आठवण सांगत की, प्रांताच्या प्रमुखांकडून प्रयोगासाठी बोलावणे आले तेव्हा वस्तादांना आधी ते अटकेचेच वाटले होते.

या लढतींनी प्रश्न निकालात निघाला, असे म्हणायचा मोह होतो. मला तो निकाल पुरेसा वाटत नाही. चार माणसे हरली म्हणजे बिंबा नावाचा माणूस बलवान होता एवढेच सिद्ध होते. खरी गोष्ट शोधायची तर त्यांच्या शाळेत डोकावले पाहिजे.

प्रवेशाची परीक्षाच मोठी कठीण. सुरुवातीच्या काळात बिंबा नवशिक्याची मान काखेत दाबून धरत आणि तो निमूट सोसतो का ते पाहत. मग डुलती पावले: वस्ताद शिष्याचे दोन्ही हात हातात घेऊन स्वतः शिकवत. मग दोघांनी मिळून करायचे आठ क्रम, ज्यांत एकाचा हल्ला आणि दुसऱ्याचा बचाव असे सांधलेले. एकट्याने आरशासमोर करण्याजोगे त्यात फारसे काही नव्हतेच. विद्यार्थ्याला नोकरी किंवा शिक्षण चालू असल्याचे दाखवावे लागे. दारू आणि तंबाखू वर्ज्य. आणि रस्त्यात मित्रांसमोर आपली कला मिरवायची नाही, हाही नियम होता. प्रदर्शनाला कंटाळलेल्या माणसाने दुसरा कोणता नियम केला असता?

त्यांच्या शैलीची जी तत्त्वे शिष्यांनी जपून ठेवली आहेत, त्यांतली तीन मला फार महत्त्वाची वाटतात. प्रत्येक हालचालीला काही हेतू असलाच पाहिजे. शरीराचा निदान एक आधार जमिनीवर हवा, कारण हवेत गेलेला माणूस असहाय असतो. आणि समोरच्याच्या शरीराची व मानाची काळजी आपणच घ्यायची. शोभेच्या उड्यांचा निकाल दुसऱ्या तत्त्वातच लागतो. पण थांबा, इथेच खरी गंमत आहे. याच बिंबांनी आपल्या अभ्यासक्रमात फेकींची एक मालिका ठेवली होती. तिच्यात एक जण दुसऱ्याला उचलून खांद्यावरून, डोक्यावरून हवेत भिरकावतो आणि फेकलेल्याने कोलांटी घेत पायांवरच उतरायचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ सर्कस! हातांवर चाकासारखी फिरणारी उडीही त्यांनी ठेवली. पण ती रिंगणात शिरण्यासाठी आणि अडचणीतून निसटण्यासाठी.

म्हणजे कसरत त्यांनी टाकली नाही. स्वतःच्या हौसेने हवेत जाणे टाकले, आणि दुसऱ्याने फेकल्यावर कसे उतरायचे ते ठेवले. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. उडी तीच, शरीर तेच, फक्त ती कोणामुळे मारावी लागली एवढाच फरक. आणि सारे काही त्या फरकात आहे.

याहून पुढचा अभ्यासक्रम तर चक्क रानात चाले. तीन महिन्यांच्या त्या वर्गाचा शेवटचा महिना शहराबाहेरच्या झाडीत जाई. तिथे शिष्याच्या वाटेवर जुने विद्यार्थी दबा धरून बसत आणि अवचित तुटून पडत. दोन हात करावे किंवा पळून जावे, पण सुटून यावे. माझ्या मैत्रिणीचा आडवा येणारा गुंड तो हाच!

टीका झालीच. एडिसन कार्नेरो या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने लिहिले की, बिंबांची ही मिसळ म्हणजे आफ्रिकेचा वारसा सांगणारे लोकांचे कापोएरा नव्हेच. म्हणजे पाहा, नाचाला खरी लढाई करायला गेलेल्या माणसावर ठपका आला तो कला खोटी केल्याचा! मेस्त्रे पास्तिन्या यांनी १९४१ पासून जुन्या वळणाच्या कापोएराची, म्हणजे आंगोला शैलीची, स्वतंत्र शाळा चालवली. तिथला खेळ संथ, जमिनीलगतचा, फसवाफसवीचा. तोही लढतच होता, हे आज दोन्ही पंथ मान्य करतात. गोऱ्या, सुखवस्तू घरांतली वैद्यकीची मुले बिंबांच्या शाळेत शिकत, हाही काहींना सलणारा काटा होता. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्या कलेसाठी काळ्या माणसाला तुरुंग होता ती शिकायला डॉक्टरांची पोरे गोदीतल्या हमालापुढे नमून उभी राहिली, ही गोष्टही लहान नव्हे.

१९५३ साली राष्ट्राध्यक्ष गेतुल्यो व्हार्गास यांच्यासमोर प्रयोग झाला आणि त्यांनी कापोएराला खराखुरा राष्ट्रीय खेळ म्हणून गौरवले. गौरवाने चूल पेटत नाही. पुढे बिंबांना प्रपंचासाठी शहराच्या आमारालिना भागातल्या जागेत पर्यटकांसाठी नाच, गाणी आणि कापोएरा यांचे कार्यक्रम करावे लागले. ज्या दिखाऊपणाविरुद्ध त्यांनी कंबर कसली, त्याच्याच दारात त्यांना उभे राहावे लागले. चरित्रकार हा भाग घाईने उरकतात. मला मात्र यात कमीपणा दिसत नाही. सकाळी ज्याने शिष्याला टांग मारून लोळवले तोच संध्याकाळी पाहुण्यांसमोर वाद्य वाजवत होता. विद्या तीच होती.

बाईयाच्या सरकारने आपल्याकडे दुर्लक्ष केले, ही खंत घेऊन १९७३ साली ते गोइयानिया या दूरच्या शहरी गेले. तिथे दिलेली आश्वासनेही फळली नाहीत. ५ फेब्रुवारी १९७४ रोजी मेंदूच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. काही वर्षांनी शिष्यांनी अस्थी साल्व्हादोरला आणल्या. १९९६ साली बाईयाच्या केंद्रीय विद्यापीठाने या अर्धशिक्षित हमालाला मरणोत्तर डॉक्टरेट दिली, आणि २०१४ साली युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाची मानवी वारशात नोंद केली.

त्यांच्या पदवीदानाची एक रीत सांगते. पदवी मिळालेल्याच्या गळ्यात निळा रेशमी रुमाल बांधला जाई. रेशमावर वस्तरा चालत नाही या जुन्या समजुतीची ती आठवण. छातीवर एक पदक टाचत. मग एखादा जुना पदवीधर रिंगणात येई आणि ते पदक पायाने उडवू पाही. नव्याने ते राखायचे.

ही रीत मी मैत्रिणीला सांगितली आणि एका रविवारी वसतिगृहाच्या मागच्या मैदानात आम्ही ती करून पाहिली. पदकाऐवजी कॉलेजचा बिल्ला, तोही सैलसर टाचलेला. पहिल्या दोन्ही वेळा तिने माझा बिल्ला सहज उडवला. मी हातांवर फिरून निसटले खरी, पण फिरता फिरता छाती तिच्याकडेच केली. तिसऱ्या वेळी तिने टांग मारली, मी पडले, पण दोरीवरून उतरण्याच्या सवयीने पडता पडताच वळून पायांवर आले, आणि बिल्ला जागेवर होता. तिने काही म्हटले नाही. फक्त, पुढच्या रविवारी मल्लखांबाला किती वाजता येऊ, एवढे विचारले.