विश्लेषण : कुरुंदकर गुरुजी ४९व्या वर्षी गेले, हृदयाचा धोका आज आधीच कसा ओळखता येतो?

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि मराठीतील नामवंत विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. वय होते अवघे ४९. त्यांच्या आजाराचे निदान इतक्या वर्षांनी करण्याचा हा प्रयत्न नाही. मात्र त्या वयाच्या माणसाला झटक्याआधी सावध करण्यासाठी तेव्हा डॉक्टरांच्या हाती काय होते आणि आज मुदखेडसारख्या गावातल्या दवाखान्यात काय आहे, हे गुरुजींच्या आयुष्याबरोबर पाहिले की फरक लक्षात येतो.

कुरुंदकर कोण होते?

जन्म १५ जुलै १९३२. मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. नांदापूरकर हे जुन्या मराठी काव्याचे अभ्यासक. मामांच्या घरात आणि तिथल्या ग्रंथालयांत भाच्याचे वाचन वाढले. परीक्षेत मात्र अपयश आले. किशोरवयातच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाशी जोडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा ते १६ वर्षांचे होते.

त्याच १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या लहान शहरात एक अभ्यास सुरू झाला. हजारो निरोगी माणसांची वर्षानुवर्षे तपासणी करून पुढे कोणाला हृदयविकार होतो, हे पाहायचे होते. उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हृदयाचा धोका वाढवतात, हे जगाला ठळकपणे कळले ते या अभ्यासातून.

नांदेडमध्ये त्यांनी काय केले?

कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. १९६३ पासून पीपल्स कॉलेजात मराठी शिकवू लागले आणि पुढे तिथेच प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांसाठी आणि गावासाठी ते अखेरपर्यंत गुरुजीच राहिले. ‘रूपवेध’, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ ही त्यांची पुस्तके. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची त्यांची प्रस्तावना आजही वेगळी म्हणून वाचली जाते. मनुस्मृती, भरताचे नाट्यशास्त्र, इतिहास, धर्मनिरपेक्षता, संगीत अशा कितीतरी विषयांवर ते अधिकाराने बोलत. व्याख्यानांसाठी महाराष्ट्रभर प्रवास चाले.

तेव्हा उपचार कुठवर आले होते?

कोलेस्टेरॉल मोजता येत होते, पण ते पुरेसे खाली आणणारी आणि सहज सोसवणारी गोळी बाजारात नव्हती. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशींची तपासणी करून कोलेस्टेरॉल घटवणारे पहिले स्टॅटिन शोधले होते. मात्र रुग्णांसाठी पहिल्या स्टॅटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती १९८७ मध्ये. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सुमारे साडेपाच वर्षांत स्टॅटिन घेणाऱ्यांमधील मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही १९८८ चे. म्हणजे हे सारे गुरुजी गेल्यानंतरचे आहे. ते हयात असताना बहुतेकांना धोका कळायचा तो पहिल्या झटक्यानेच.

कोलेस्टेरॉल नेमके काय करते?

कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच. त्रास होतो तो एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढल्यावर. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत हळूहळू साचते. ही क्रिया २०-३० वर्षे चालते आणि या काळात बहुधा काहीच दुखत नाही. एक दिवस साचलेला थर फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. तोच झटका. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. बारीक अंगाच्या माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले असू शकते.

आपल्याकडे धोका लवकर का?

अनेक देशांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांत हे वय जवळपास ५९ होते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, बिघडलेली चरबी, वाढलेले पोट आणि व्यायामाचा अभाव ही कारणे आपल्याकडे कमी वयातच एकत्र येतात.

गावातले डॉक्टर धोका कसा मोजतात?

एकट्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर निर्णय होत नाही. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घरातील इतिहास एकत्र पाहावा लागतो. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण आशियासाठी वेगळे तक्ते दिले आहेत. त्यातून पुढील १० वर्षांतील धोक्याचा अंदाज येतो. रक्ताचा अहवाल हाती नसतानाही वापरता येईल असा तक्ता त्यात आहे. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तिथूनच सुरुवात करता येते. लिपिड प्रोफाइलसाठी बहुतेकांना उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते.

गोळी कोणाला लागते?

झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना, एलडीएल १९० किंवा अधिक असलेल्यांना आणि चाळिशीपुढील बहुतेक मधुमेहींना डॉक्टर स्टॅटिन सुचवतात. बाकीच्यांसाठी एकूण धोका पाहून ठरते. ॲटोरव्हास्टॅटिन हे औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळते. गोळी सुरू झाल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले जाते. काहींचे स्नायू दुखतात. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. गरोदर असलेल्या किंवा मूल हवे असलेल्या महिलांनी आधी विचारावे.

सर्वांत मोठी चूक कोणती?

अहवाल चांगला आला म्हणून गोळी सोडणे. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. ती सोडली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. गोळी सुरू आहे म्हणून तळलेले, वनस्पती तुपातले पदार्थ आणि तंबाखू सुरू ठेवणे ही दुसरी चूक. ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या, मोजके तेल, रोजचे अर्धा तास चालणे आणि तंबाखूला पूर्ण रामराम हा उपचाराचाच भाग आहे.

झटक्याची शंका आली तर?

छातीत दाब, दरदरून घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप लागणे अशी लक्षणे असतील तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला चालवू नका, दुचाकीवर नेऊ नका. मुदखेडहून नांदेड जवळ असले तरी घरी गेलेला प्रत्येक अर्धा तास हृदयाचा स्नायू खातो.