रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

नागपूर व वर्धा प्रांतांतील शिक्षणाचा इतिहास ज्यांच्या नांवावांचून लिहितां येत नाहीं, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडांतील डन्स या गांवीं ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इकडे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या व इंग्रजांच्या फौजांची लढाई होऊन नागपूरच्या गादीचें स्वातंत्र्य मावळलें. त्या गादीचा शेवट पाहण्याचें पुढें या बालकाच्याच नशिबीं होतें.

हिस्लॉपसाहेबांच्या तरुणपणीं स्कॉटलंडांत एक मोठा वाद माजला होता. मंडळीवर पाळक कोणीं नेमावा, जमीनदारांनीं व सरकारी न्यायालयांनीं कीं मंडळीनें? ख्रिस्त हाच मंडळीचा एकमेव मस्तक आहे, असें मानणाऱ्या चारशेंहून अधिक पाळकांनीं १८४३ सालीं आपलीं घरें, देवळें व वेतनें सोडून स्वतंत्र मंडळी स्थापन केली. त्यांनीं राजाविरुद्ध शस्त्र उचललें नाहीं. राजाचा अधिकार कोठें संपतो एवढेंच दाखविलें. हिस्लॉप याच मंडळीचे मिशनरी म्हणून डिसेंबर १८४४ मध्यें मुंबईस उतरले व पुढील फेब्रुवारींत नागपुरास आले. मराठी शिकून त्यांनीं १८४६ सालीं शाळा उघडली.

त्या वेळीं नागपुरांत तिसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. डिसेंबर १८५३ मध्यें ते निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीनें १८५४ सालीं राज्य खालसा केलें. हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीस लिलावांत निघाले. राणीवशाचें जवाहीर कलकत्त्यास गेलें. ज्या घराण्याच्या स्वारांची एके काळीं बंगालपर्यंत दहशत होती, त्याच्या वैभवाची अशी बोली लागली! परंतु बोली लावणाऱ्या कंपनीचेही दिवस भरत आले होते. जून १८५७ मध्यें नागपुरांत उठावाचा बेत ठरला. एका मुसलमान स्नेह्यानें हिस्लॉपसाहेबांस त्याची आगाऊ सूचना दिली व त्यांनीं ती अधिकाऱ्यांस कळविली. उठाव फसला, तथापि दुसऱ्याच वर्षीं, १८५८ सालीं, कंपनीचें राज्य बुडालें.

हिंदुस्थान ईश्वरानेंच आपल्या हातीं दिला, असें म्हणणारे इंग्रज त्या काळीं पुष्कळ होते. परंतु हें अर्धेंच सत्य होय. दानीएल संदेष्ट्याच्या ग्रंथांत नबुखद्नेस्सर राजास राज्य देणारा देव त्यास जाबही विचारतो, आणि गर्वानें फुगलेला तो राजा रानांतील पशूप्रमाणें गवत खातो. सत्ता ही ठेव आहे. ठेवीचा हिशेब द्यावा लागतो. हिस्लॉपसाहेबांनीं आपल्या देशबांधवांच्या कारभाराची भीड धरली नाहीं. नागपूरच्या इंग्रजी अंमलांतील दोष त्यांनीं वृत्तपत्रांतून उघड केले. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला व पुढें सर रिचर्ड टेंपल यांच्या हातीं कारभार आला, त्यामागें या टीकेचाही भाग होता. ज्या सरकारास संकटाची सूचना दिली, त्याच सरकारास त्याचे दोष दाखविणें हें एकाच निष्ठेचें काम होतें.

भोसल्यांच्या पूर्वीं या मुलुखावर देवगडच्या गोंड राजांचें राज्य होतें आणि नागपूर शहर त्यांनींच वसविलें. त्या गोंडांचे वंशज रानांत दारिद्र्यांत दिवस काढीत असतां हिस्लॉपसाहेबांनीं त्यांच्याकडे जाऊन त्यांची भाषा, चालीरीति व गीतें टिपून घेतलीं. राजे गेल्यावर ज्या प्रजेस कोणी विचारीत नाहीं, तिला त्यांनीं विचारलें. तीं टिपणें त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं टेंपल यांनीं प्रसिद्ध केलीं. नागपूरजवळील टाकळी येथें त्यांस प्राचीन जीवांचे दगड झालेले अवशेषही सांपडले. त्यांपुढें सारीं राजघराणीं कालचींच होत.

ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते टेंपल यांच्यासह टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेले होते. तेथील शाळेस भेट देण्याकरितां ते मागें राहिले आणि संध्याकाळीं घोड्यावरून एकटेच बोरीकडे निघाले. वाटेंत ओढ्यास पूर आला होता. घोडा स्वारावांचून परतला. शोधाअंतीं त्यांचें प्रेत मिळालें. शेहेचाळिसावें वर्ष पुरें होण्यास चारच दिवस उरले होते. वर्धा जिल्हा तेव्हां अवघ्या एका वर्षाचा होता, आणि वर्धा शहर तर वसलेंही नव्हतें.

१८८३ सालीं नागपुरांत त्यांच्या नांवानें हिस्लॉप कॉलेज निघालें. गोंडांचें राज्य गेलें, भोसल्यांचें गेलें, कंपनीचें गेलें आणि १९४७ सालीं इंग्रजांचेंही गेलें. त्या पाद्र्यानें लाविलेलें विद्येचें रोप मात्र टिकलें.

विद्यार्थी मित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी मामलेदार होईल, कोणी शिक्षक, कोणी पंच. खुर्ची लहान असो वा मोठी, ती देणारा तिचा हिशेब मागणार आहे, हें विसरूं नका. आणि आईबापांनींही मुलांस सत्तेपुढें लवण्याआधीं सत्यापुढें लवण्यास शिकवावें. कारण सत्ता पालटते, सत्य पालटत नाहीं.