गणिताला निघालेला मुलगा

मी कला शाखेचा विद्यार्थी. अणू, अणुकेंद्र हे शब्द शाळेच्या पुस्तकात वाचले तेवढेच. तरीही या अंकासाठी काही लिहावे असे ठरवले तेव्हा एका पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाचे चरित्र माझ्या मनातून हलेना. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले हे त्याचे कारण नव्हे. प्रवेशाच्या वेळी त्यांच्या हातून झालेली एक चूक, हे त्याचे खरे कारण!

जेम्स चॅडविक यांचा जन्म २० ऑक्टोबर १८९१ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात बॉलिंग्टन या गावी झाला. वडील सूतगिरणीत कामाला, आई मोलकरीण. पोटासाठी आईवडील मँचेस्टरला गेले आणि लहानगा जेम्स आजीआजोबांपाशी वाढला. पुढे एका चांगल्या शाळेची शिष्यवृत्ती त्याला देऊ करण्यात आली. पण उरलेली थोडीशी फीसुद्धा घरच्यांना परवडणारी नव्हती. ती शाळा सुटली, शिक्षण मात्र सुटले नाही. १९०८ साली तो मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाला.

जायचे होते गणिताला. पण मुलाखतीच्या वेळी हा मुलगा चुकून पदार्थविज्ञानाच्या उमेदवारांत जाऊन बसला. समोरच्या अध्यापकांनी पदार्थविज्ञानाचे प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा आपण चुकलो आहोत हे सांगण्याचे धाडस त्याला झाले नाही. तो गप्प राहिला आणि पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी झाला!

हे वाचले आणि मला माझा प्रवेशाचा दिवस आठवला. खिडकीपलीकडून काय विचारले ते न कळताच मी मान हलवली होती. घरात कॉलेजची पायरी चढलेले दुसरे कोणी नव्हते, विचारणार कुणाला? आजचा माझा विषय त्या मान हलवण्यातूनच पदरात पडला आहे. म्हणूनच, पुढे या मुलाचे काय झाले, हे मी एका बैठकीत वाचून काढले.

मँचेस्टरला त्या वेळी अर्नेस्ट रदरफोर्ड शिकवीत होते. त्यांच्या हाताखाली चॅडविक तयार झाले आणि १९१३ साली शिष्यवृत्तीवर बर्लिनला हान्स गायगर यांच्याकडे गेले. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून जर्मनांनी त्यांना रूलेबेनच्या घोडदौडीच्या मैदानावरील छावणीत डांबले. घोड्यांच्या तबेल्यात माणसे राहत होती. थंडी आणि उपासमारीत चार वर्षे गेली. पण तिथेही त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी जर्मनीत किरणोत्सर्गी द्रव्य घातलेली टूथपेस्ट विकत मिळे. तीच त्यांनी प्रयोगाला वापरली!

सुटकेनंतर ते रदरफोर्ड यांच्यापाशी परतले आणि १९१९ साली त्यांच्याबरोबर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आले. तेव्हा एक कोडे शास्त्रज्ञांना छळत होते. हेलियमच्या अणुकेंद्रावर दोन प्रोटॉनांइतका विद्युतभार असतो, वजन मात्र चार प्रोटॉनांइतके भरते. मग उरलेले वजन कशाचे? विद्युतभार नसलेला एखादा कण केंद्रात असावा, अशी कल्पना रदरफोर्ड यांनी १९२० साली मांडली. पण तो शोधायचा कसा? भारित कण वाटेतल्या वायूत आपला माग सोडतो. ज्याला भारच नाही तो कसलीच खूण ठेवीत नाही. चॅडविक सुमारे बारा वर्षे या कणाच्या पाठीस लागले. कितीतरी प्रयोग फसले.

१९३० साली जर्मनीत बोटे आणि बेकर यांना असे आढळले की, बेरिलियम धातूवर अल्फा कणांचा मारा केला असता त्यातून फार भेदक असे काही तरी बाहेर पडते. जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसला इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी या दांपत्याने त्याच्या वाटेत मेण ठेवले, तेव्हा मेणातून प्रोटॉन वेगाने उडाले. त्यांनी ते गॅमा किरण मानले. चॅडविक आणि रदरफोर्ड या दोघांनाही ते पटले नाही.

का पटले नाही, हे मला कॅरमवरून समजले. हवेच्या झोताने कॅरमची सोंगटी भरधाव सुटत नाही. पण एक सोंगटी तेवढ्याच वजनाच्या दुसरीवर समोरासमोर आदळली की पहिली थबकते आणि दुसरी तिचा सारा वेग घेऊन धावते. प्रोटॉन एवढ्या वेगाने उडतो, त्या अर्थी त्याला ढकलणारा त्याच्याच तोलामोलाचा असला पाहिजे! चॅडविक यांनी तो मारा हायड्रोजनवर करून पाहिला, नायट्रोजनवर करून पाहिला आणि उडालेल्या कणांच्या वेगांवरून न दिसणाऱ्या कणाचे वजन काढले. ते प्रोटॉनइतकेच भरले. सुमारे तीन आठवडे त्यांनी पुरती झोपही घेतली नाही. १७ फेब्रुवारी १९३२ रोजी त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला पत्र लिहिले. मथळ्यात त्यांनी न्यूट्रॉनच्या अस्तित्वाची केवळ शक्यता सांगितली होती. असा हा संकोची माणूस! १९३५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जे पॅरिसला दिसले तेच केंब्रिजला दिसले. फरक इतकाच, की चॅडविक बारा वर्षे त्याची वाट पाहत होते. पुढे २०१२ साली जिनिव्हाजवळच्या प्रचंड यंत्रातून हिग्ज कण हाती लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही त्या कामात सहभागी होते. तो कणही कुणाला थेट दिसला नाही. त्याच्यातून निघालेल्या इतर कणांवरूनच तो ओळखावा लागला.

पण ही कथा इथे सुखाने संपत नाही. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो अणुकेंद्रात विनाअडथळा शिरतो. १९३८ च्या अखेरीस बर्लिनला न्यूट्रॉनच्या माऱ्याने युरेनियमचे केंद्र दुभंगल्याचे आढळले. १९४१ साली, लिव्हरपूलला प्राध्यापक असताना, अणुबाँब आता अटळ आहे हे चॅडविक यांनी ओळखले. तेव्हापासून त्यांना झोपेच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, त्या जन्मभर! पुढे ते अमेरिकेतील बाँबच्या कामावर गेलेल्या ब्रिटिश पथकाचे प्रमुख झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी जळाली. आणि त्याच न्यूट्रॉनच्या साहाय्याने तयार होणारे कोबाल्ट कर्करोग्यांच्या उपचारासाठी वापरले गेले. १९५६ साली ट्रॉम्बेला आपली 'अप्सरा' अणुभट्टीही त्याच्याच बळावर सुरू झाली.

कण तोच. मग दोष कुणाचा आणि श्रेय कुणाचे? याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण ज्याने तो शोधला त्याची झोप उडाली, ही गोष्ट मला त्यांच्या नोबेल पारितोषिकाहून मोठी वाटते. २४ जुलै १९७४ रोजी केंब्रिज येथे चॅडविक यांचे निधन झाले.

चुकून मिळालेल्या विषयाची त्यांनी आयुष्यभर निष्ठेने सेवा केली आणि त्या विद्येचा भारही शेवटपर्यंत वाहिला. मान हलवून मिळालेल्या माझ्या विषयाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. गणिताला निघालेल्या त्या मुलाला माझे विनम्र अभिवादन!