खुर्चीचे पाय कापून इंटरव्ह्यू घेणाऱ्या ॲडमिरलने पाणबुडीत अणुभट्टी बसवली

सप्टेंबर १९५४. जगातली पहिली अणुपाणबुडी नॉटिलस अमेरिकेतल्या ग्रॉटनच्या धक्क्याला उभी होती. चाचण्या चालू असताना वाफेचा एक छोटा पाईप फुटला. तपास केला तर कळलं, तिथे बिनजोडाचा पाईप हवा होता आणि लागला होता जोडाचा, कठड्याला वापरतात तसला. बरं, असे पाईप अजून कुठे कुठे बसलेत याची खात्री कुणालाच देता येईना.

त्या मापाचे सगळे पाईप काढा आणि नवे बसवा, असा आदेश निघाला. पाणबुडी समुद्रात जायला थेट १७ जानेवारी १९५५ उजाडला. आदेश देणारा माणूस होता हायमन रिकोव्हर.

रिकोव्हरचा जन्म १९०० चा, पोलंडमधल्या एका ज्यू शिंप्याच्या घरातला. लहानपणीच कुटुंब अमेरिकेला आलं. शिकागोत तारा पोहोचवत पोरगं शिकलं आणि १९२२ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडलं.

त्या काळातली डिझेल पाणबुडी म्हणजे खरंतर पाण्याखाली थोडा वेळ लपणारं जहाज. खाली बॅटरीवर चालायचं आणि चार्जिंगसाठी इंजिन लावायचं तर हवेसाठी वर यायचं. अणुभट्टीला हवा लागत नाही. प्रचंड दाबाखालचं पाणी भट्टीतली उष्णता घेतं पण उकळत नाही. त्या उष्णतेने दुसऱ्या पाण्याची वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. कागदावर सोपं वाटतं. पण ही सगळी यंत्रणा पाणबुडीच्या पोटात कोंबायची होती.

म्हणून आधी आयडाहोच्या वाळवंटात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, तशीच भट्टी बांधली. १९५३ मध्ये २४ तासांची चाचणी पार पडली. इंजिनिअर थांबायचं म्हणत होते, रिकोव्हरने थांबू दिलं नाही. अटलांटिक ओलांडून आयर्लंड गाठण्याइतकं अंतर होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार दिवस, भट्टी चालली.

तेवढ्यात नौदलाने त्याला दोनदा बढती नाकारून घरी बसवायची तयारी केली होती. कारण उघड होतं, या माणसाचं वरिष्ठांशी कधी पटलंच नाही. शेवटी संसदेने दबाव आणला आणि १९५३ मध्ये तो रिअर ॲडमिरल झाला.

त्याचे इंटरव्ह्यू तर कुप्रसिद्ध. समोरच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असायचे, म्हणजे उमेदवार सारखा घसरणार. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर याच इंटरव्ह्यूतून गेलेले.

१९५८ मध्ये नॉटिलस उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. पण १९६३ मध्ये थ्रेशर ही अणुपाणबुडी १२९ जणांसह बुडाली. चौकशीत संशय गेला तो समुद्राचं पाणी वाहणाऱ्या पाईपच्या जोडावर. भट्टीबाहेरचं हे काम रिकोव्हरच्या हाताखाली नव्हतं. यार्डातल्या ढिसाळ कामावर त्याने जाहीर टीका केली.

जानेवारी १९८२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्याला सक्तीने निवृत्त केलं. जाताना संसदीय समितीपुढे त्याने सांगून टाकलं की, या अणुजहाजांचा आपल्याला अभिमान नाही, शक्य असतं तर सगळी बुडवली असती. तीन वर्षांनी पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीकडून भेटवस्तू घेतल्याबद्दल नौदलाने त्याला ठपक्याचं पत्रही दिलं.

८ जुलै १९८६ ला रिकोव्हर गेला. नॉटिलस आता ग्रॉटनलाच म्युझियम म्हणून उभी आहे, लोक आत जाऊन बघून येतात.